एक जुनी कादंबरी आणि इंग्रजी शब्दांचे वजन

इंग्रजीचा शब्दसंग्रह कसा वाढवावा, या विषयावर लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. मी काही इंग्रजीची पंडिता नव्हे. परंतु एका शब्दाने माझी एकदा अशी फजिती केली, की त्यानंतर शब्दांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. तो अनुभव आणि त्यातून हाती आलेली पद्धत आपणांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

दहावीनंतरच्या सुट्टीत मी 'कठीण शब्दांची यादी' पाठ करण्याचा सपाटा लावला होता. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोज वीस शब्द. त्या यादीत 'नोटोरियस' या शब्दापुढे 'प्रसिद्ध, ख्यात' असे लिहिलेले होते. पुढे आमच्या एका आवडत्या सरांच्या निरोप समारंभात मला इंग्रजीतून चार शब्द बोलायचे होते. साधा 'फेमस' कशाला वापरावा, म्हणून मी मोठ्या ऐटीत सरांना 'नोटोरियस शिक्षक' म्हटले. सभागृहात हशा पिकला. सरही हसले, पण त्यांचे हसणे मला अजून आठवते. 'नोटोरियस' म्हणजे कुप्रसिद्ध. चोर, दरोडेखोर, जुगाराचा अड्डा यांच्यासाठी वापरायचा शब्द मी एका सज्जन माणसाला त्याच्या निरोपाच्या दिवशी लावला होता. यादीने मला शब्दाचा अर्थ सांगितला होता. त्याचे वजन सांगितले नव्हते.

त्याच वर्षी मे महिन्यात मी आजोळी गेले. माझे आजोळ ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या नया बाजारात. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे, दिवसभर गिऱ्हाइकांचा आणि सायकलींचा गलबला. घरात मराठी, जिन्यावर हिंदी, अशी तिथली रीत. माझी फजिती ऐकून आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरची पेटी खाली काढायला लावली आणि पुठ्ठा निघालेले एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवले. "अगं, याद्या पुरे झाल्या. ही गोष्ट वाच. गोष्ट तुझ्या ओळखीची आहे, फक्त भाषा परकी आहे."

ते पुस्तक म्हणजे कॅप्टन मेडोज टेलर या लेखकाची 'तारा' ही कादंबरी. आपल्या सोलापूरकरांना आणि आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हा लेखक मुद्दाम माहीत असावा. टेलरचा जन्म १८०८ सालचा, लिव्हरपूल येथला. कोवळ्या वयात तो हिंदुस्थानात आला आणि निजामाच्या नोकरीत शिरला. १८४१ पासून तो सुरपूर संस्थानचा कारभार पाहत होता. ते सुरपूर आज कर्नाटकाच्या यादगीर जिल्ह्यात आहे. त्यानंतर १८५३ पासून काही वर्षे तो नळदुर्ग भागाचा अधिकारी होता. म्हणजे ज्या मुलखात मराठी आणि कन्नड एकमेकींच्या शेजारी नांदतात, तो मुलूख त्याने घोड्यावरून पाहिला होता. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या त्याच्या कादंबरीने 'ठग' हा आपला शब्द विलायतेत घरोघर पोहोचवला. त्याच्या 'टिपू सुलतान' या कादंबरीच्या आधारेच हरिभाऊ आपट्यांनी 'म्हैसूरचा वाघ' लिहायला घेतली होती. 'तारा' निघाली १८६३ साली. तिची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली बालविधवा. नायक अफझलखानाचा मुलगा. आणि मध्यभागी विजापूरचा दरबार, तुळजाभवानीचे देऊळ व शिवाजी महाराजांचा उदय.

ऐतिहासिक कादंबरीच का, असा प्रश्न आपण विचाराल. त्याचे उत्तर मला पहिल्या पन्नास पानांतच मिळाले. त्या पन्नास पानांत शब्दकोश उघडायचा नाही, अशी आजोबांची अट होती. मला वाटले, आपण बुडालो. पण तसे झाले नाही. देवीचे देऊळ कसे असते, पालखीपुढे कोण चालते, किल्ल्याला तट आणि बुरूज असतात, खानाकडे वकील जातो, हे सारे मला आधीच ठाऊक होते. त्यामुळे एखादा अनोळखी शब्द आला तरी तो कोठे उभा आहे हे दिसत होते. ओळखीच्या गावात नवा माणूस भेटला, तर तो कोणाच्या घरी उतरला आहे यावरून आपण त्याला ओळखतो, तसेच हे. विलायतेतल्या खेड्यातली गोष्ट वाचताना आम्हां मराठी माध्यमातल्या मुलांना वस्तूही नवी आणि शब्दही नवा, अशी दुहेरी अडचण येते. येथे वस्तू आपली असते. शब्द तेवढा नवा असतो.

आता काही उदाहरणे घेऊ. किल्ल्याच्या वेढ्याला इंग्रजीत 'सीज' म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'बसण्याची जागा' असा आहे. गंमत पाहा! आपणही 'वेढा घालून बसणे' असेच म्हणतो. सिद्दी जौहर १६६० साली पन्हाळ्याभोवती महिनोन्महिने बसून राहिला होता, हे डोळ्यांपुढे आणले की 'सीज' हा शब्द पुन्हा विसरता येत नाही. किल्ल्यातल्या शिबंदीला 'गॅरिसन' म्हणतात. शिबंदी एकाएकी दरवाजा उघडून वेढ्यावर तुटून पडली, तर ती 'सॅली'. तिच्या मुळाशी उडी मारण्याचा अर्थ आहे. दोन्ही पक्ष थकले की 'पार्ली' सुरू होते. 'पार्ली' हा शब्द फ्रेंचमधल्या 'बोलणे' या क्रियापदापासून निघाला. म्हणजे शब्दशः आपली 'बोलणी'! बोलणीसाठी पाठवला जाणारा माणूस 'एन्व्हॉय', म्हणजे 'पाठवलेला'. शिवकाळातील आपला 'वकील' तो हाच. तो काळ्या कोटातला वकील नव्हे. आणि बोलणी होईपर्यंत जी तात्पुरती युद्धबंदी, ती 'ट्रूस'.

एका वेढ्याच्या चित्रातून असे सहा शब्द हाती येतात. यादीतले सहा शब्द सहा वेगवेगळ्या दिशांना तोंडे करून उभे असतात. गोष्टीतले सहा शब्द एकमेकांचा हात धरून येतात. एक आठवला की बाकीचे मागोमाग येतात.

हे शब्द तोफा-तलवारींबरोबर संपलेले आहेत, असे मात्र समजू नका. इंग्रजी वर्तमानपत्रात आजही 'एन्व्हॉय' येतो आणि 'ट्रूस' होतो. बुरुजाला 'बॅस्टियन' म्हणतात. निवडणुकीच्या दिवसांत अमुक मतदारसंघ अमुक पक्षाचा 'बॅस्टियन' आहे असे छापून येते, आणि त्याच दिवशीच्या मराठी पत्रात त्याला 'बालेकिल्ला' म्हटलेले असते. दोन्ही भाषांनी किल्ले सोडले, पण किल्ल्यांचे शब्द सोडले नाहीत. 'लेव्ही' हा शब्दही असाच. त्याचा मूळ अर्थ 'उचलणे, उभे करणे'. त्यावरून फौज उभी करणे ही 'लेव्ही' आणि करपट्टी बसवणे हीही 'लेव्ही'. 'लेव्हीची साखर' आणि 'लेव्हीचे धान्य' हे शब्द आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना चांगलेच ठाऊक आहेत. साखर कारखान्यांवरची ती लेव्ही २०१३ साली उठली. म्हणजे सतराव्या शतकातल्या गोष्टीतला शब्द शेवटी आपल्या घरातल्या साखरेच्या डब्यात सापडला!

काही शब्द तर मला नया बाजारातल्या आमच्या गॅलरीतूनच सापडले. ज्या भागाला आम्ही 'लष्कर' म्हणतो, ते नाव दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडले. १८१० च्या सुमारास ही छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच शहर झाले. हाच फारसी शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि 'लास्कर' बनला. मात्र तेथे त्याचा अर्थ झाला 'जहाजावरचा हिंदी खलाशी'. लष्करातला शिपाई समुद्रावर गेला तो असा. 'बाजार' हा शब्दही इंग्रजीने जसाच्या तसा घेतला. छावणी स्थिरावण्यापूर्वी, १८०९ साली, ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या फिरत्या छावणीबरोबर होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. छावणीबरोबर तिचा बाजारही कसा चालत असे, ते त्या पत्रांत वाचायला मिळते. फौजेमागून चालणाऱ्या या न लढणाऱ्या लोकांना इंग्रजीत 'कॅम्प-फॉलोअर' म्हणतात. आपण 'बाजारबुणगे' म्हणतो. आणि गंमत अशी, की दोन्ही शब्द आज पुढाऱ्यांच्या मागे मागे फिरणाऱ्या मंडळींनाही लावता येतात. कन्नडमधला 'पेटे' आणि मराठीतला 'पेठ' हे भाऊ तर आपण रोज वापरतो. किल्ल्याबाहेरच्या वस्तीसाठी जुन्या इंग्रजी पुस्तकांत येणारा 'पेटा' हा त्यांचाच विलायती भाऊबंद.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. कादंबरी अर्धी झाल्यावर मी वहीत एकाच अर्थाचे शब्द एकत्र लिहू लागले. लुटीसाठीच किती शब्द! आजोबा म्हणाले, "सगळ्यांपुढे 'लुटणे' लिहिलंस तर पुन्हा नोटोरियस होईल बरं!" मग आम्ही दोघांनी शब्दकोश घेऊन त्यांची निवड केली. 'लूट' हा शब्द आपलाच. तो हिंदीतून इंग्रजीत गेला. 'प्लंडर' जर्मनमधून आला, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात. 'पिलेज' फ्रेंचमधून आला; शहर पडल्यावर विजयी सैन्य जी धूळधाण करते, ती दाखवण्यासाठी तो शोभतो. 'मराउड' म्हणजे लुटीच्या शोधात टोळीने भटकणे. येथे भर भटकण्यावर आहे. 'फोरेज' म्हणजे चंदी-वैरण, दाणागोटा शोधत हिंडणे. त्यात गुन्हा असेलच असे नाही, रानात चारा शोधणारे जनावरही 'फोरेज' करते. आणि 'रॅन्सॅक' म्हणजे घर उलथेपालथे करून धुंडाळणे. त्यात चोरी झालीच पाहिजे असे नाही. कात्री सापडत नाही म्हणून आजीने सारे कपाट उपसले, तर तिने कपाट 'रॅन्सॅक' केले असे खुशाल म्हणावे. पण आजीने कपाट 'प्लंडर' केले असे म्हणू नये!

हे करता करता मला दुसरी एक गोष्ट दिसू लागली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शब्दाला नुसते वजन नसते, त्याला बाजूही असते. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत मराठ्यांच्या फौजेसाठी 'फ्रीबूटर', 'मराउडर', 'प्रेडेटरी' असे शब्द वारंवार येतात. 'फ्रीबूटर' डच भाषेतून आला. अर्थ लुटीवर जगणारा. 'प्रेडेटरी' म्हणजे भक्ष्य शोधणारा, वाघ-लांडग्यांना लावायचा शब्द. परंतु इंग्रजांची फौज गाव घेते, तेव्हा तीच पुस्तके 'ऑक्युपाय', 'रिड्यूस', 'पॅसिफाय' असे धुतलेले शब्द काढतात. दोन्हीकडे गावेच जळतात; शब्द मात्र वेगळे.

प्रतापगडच्या प्रसंगाचेच पाहा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी जे घडले त्याला आपण 'अफझलखानाचा वध' म्हणतो. खून म्हणत नाही, हत्याही म्हणत नाही. 'वध' म्हटल्याबरोबर मारणाऱ्याच्या बाजूने न्याय उभा राहतो. उलट ग्रांट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या प्रसंगाला विश्वासघात ठरवले. 'स्ले', 'किल', 'मर्डर', 'असॅसिनेट' या चारही शब्दांपुढे यादीत 'ठार मारणे' लिहिता येईल. पण 'किल' तटस्थ आहे. 'स्ले' वीरगाथेत शोभतो आणि आपल्या 'वध'च्या जवळ जातो. 'मर्डर' गुन्हा ठरवतो. आणि 'असॅसिनेट' म्हणताना मारलेला माणूस मोठा होता व घाव दगाबाजीने झाला, असे दोन्ही सुचवले जाते. शब्द निवडला की निकाल दिलाच! टेलरचा नायक खानाचा मुलगा असल्यामुळे त्याच्या कादंबरीत हा प्रसंग आपल्याला दुसऱ्या बाजूच्या डोळ्यांनीही पाहावा लागतो. बाप गमावलेल्या मुलाच्या तंबूतून ही गोष्ट वाचताना मी प्रथम रागावले, मग गप्प झाले. माझे मत बदलले नाही. पण आपला शब्दही एका बाजूला उभा आहे, हे मला त्या दिवशी कळले.

त्या संध्याकाळी आजोबा मला फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी घेऊन गेले. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत राणी पडल्या. येथेही तोच धडा. 'म्यूटिनी' म्हणजे शिपायांनी वरिष्ठांविरुद्ध केलेले बंड; 'रिबेलियन' म्हणजे सत्तेविरुद्धचे बंड; 'अपरायझिंग' म्हणजे लोकांचा उठाव. "राणी काय कोणाच्या पलटणीत शिपाई होत्या?" आजोबांनी विचारले. उत्तर देण्याची गरजच नव्हती. 'म्यूटिनी' हा शब्द न तपासता उचलला, तर त्या शब्दाबरोबर त्याचा निकालही आपण उचलतो. परकी भाषा शिकावी, मनसोक्त शिकावी; पण तिच्यातून स्वतःकडे पाहताना डोळे मात्र आपले असावेत.

मित्रहो, आता पद्धत थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, आपल्या मुलखाची कादंबरी निवडा. सोलापुरापासून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. नळदुर्ग हैदराबादच्या रस्त्यावर. 'तारा' वाचून एकदा तेथे जाऊन या. तट, बुरूज, खंदक यांचे इंग्रजी शब्द त्या दगडांवर बसवून या, ते कायमचे बसतील.

दुसरी, पहिल्या वेळी शब्दापाशी थांबू नका, नुसती खूण करा. तोच शब्द तिसऱ्यांदा भेटला की मगच शब्दकोश उघडा. तीनदा भेटणारा शब्द ओळख ठेवण्याच्या लायकीचा असतो.

तिसरी, वहीत शब्दापुढे मराठी अर्थ लिहून थांबू नका, प्रसंग लिहा. कोणी, कोणाला, कोठे हा शब्द लावला? आणि त्याच्या जवळचे दोन शब्द शेजारी लिहून फरक काय, ते एका ओळीत मांडा.

चौथी, जिवंत आणि मृत शब्द वेगळे करा. ही भाषा दीडशे वर्षांहून जुनी आहे. जो शब्द आजच्या वर्तमानपत्रात एकदाही दिसत नाही, तो ओळखीपुरता ठेवावा; अर्जात किंवा मुलाखतीत घालू नये. नाहीतर फेटा बांधून क्रिकेट खेळायला गेल्यासारखे होईल.

पाचवी, कादंबरीला इतिहास समजू नका. टेलरने 'तारा', 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता' या तीन कादंबऱ्या १६५७, १७५७ आणि १८५७ अशा शंभर-शंभर वर्षांच्या अंतरावर रचल्या. ही कादंबरीकाराची मांडणी आहे. खरी साले इतिहासाच्या पुस्तकात पाहावीत.

या पद्धतीने शब्द सावकाश वाढतात, हे कबूल केले पाहिजे. दोन महिन्यांत माझ्या वहीत जेमतेम दीडशे शब्द जमले. यादीने तेवढे आठवड्यात दिले असते. पण त्या दीडशेंपैकी एकही शब्द मी अजून चुकीच्या माणसाला लावलेला नाही.

सुट्टी संपताना नया बाजारातूनच मी सरांना एक इंग्रजी पत्र टाकले. त्यात त्या दिवसाची क्षमा मागितली. सरांसाठी कोणता शब्द वापरावा, यावर मी आणि आजोबा रात्री उशिरापर्यंत खल करत बसलो होतो. 'रिनाउन्ड' मोठा वाटला, 'सेलिब्रेटेड' समारंभी वाटला. शेवटी 'रिस्पेक्टेड' हा साधाच शब्द लिहिला. यादीत तो 'सोप्या' शब्दांत होता. सरांचे उत्तर एका पोस्टकार्डावर आले. त्यांनी लिहिले होते, की या वेळी शब्द नेमका बसला आहे.